इथं काही नव्हतं!

इतिहास या विषयाशी माझा अधिकृत संबंध दहावीला संपला. पुढे कॉमर्सला गेलो. तिथं फार मागे जायचं म्हणजे गेल्या वर्षीच्या ताळेबंदापर्यंत. बँकेत लागलो आणि तेवढीही दृष्टी उरली नाही. आमच्याकडे काल संध्याकाळी जुळलेली कॅश हाच प्राचीन काळ! असं असताना आमच्या गल्लीतल्या गणेश मंडळानं स्मरणिका काढायचं ठरवलं आणि ‘आपल्या सिडकोचा इतिहास’ हा लेख माझ्या गळ्यात मारला.

“तुम्ही बँकेत आहात. तुमच्याकडे आकडे असतात,” अध्यक्ष म्हणाले.

आकडे असतात हे खरं. पण ते दुसऱ्यांचे असतात, हे त्यांना कोण सांगणार?

“दोन पानं द्या. एखादी जाहिरात वाढली तर दीड.”

तर अशा या दीड ते दोन पानी इतिहासासाठी मी कंबर कसली.

आता नाशिकबाहेरच्या वाचकांना एक खुलासा करायला हवा. सिडको हे आमच्या वस्तीचं नाव आहे. गावांना नावं कशी पडतात पाहा. पंचवटीत पाच वड होते. नाशिक हे नाव नऊ शिखरांवरून पडलं असं काही जण म्हणतात, तर काही जण ते लक्ष्मणानं शूर्पणखेचं नाक कापलं त्याच्याशी नेऊन जोडतात. म्हणजे डोंगर घ्या नाहीतर नाक, काहीतरी दिसणारं हाती लागतं. आमच्या वस्तीचं नाव मात्र ‘सिटी अँड इंडस्ट्रियल डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन’ या नावाच्या आद्याक्षरांतून झालंय. खाडीपलीकडे नवी मुंबई वसवावी म्हणून १७ मार्च १९७० रोजी हे महामंडळ जन्माला आलं, आणि त्याच दशकात नवं नाशिक वसवण्याचं कामही त्याच्याकडे आलं. सरकारी कागदांवर आमचं नाव ‘नवीन नाशिक’ असं आहे. पण ते हजेरीपटावरच्या नावासारखं. घरात कोणी त्या नावानं हाक मारत नाही. रिक्षावाल्याला ‘नवीन नाशिक’ म्हणून पाहा. तो आधी तुमच्याकडे पाहील, मग तुमच्या बॅगेकडे, आणि मग दुप्पट भाडं सांगेल.

माझ्या लग्नाच्या वेळी या नावानं थोडी पंचाईतच केली होती. आमची ही मूळची रविवार कारंजावरची. वाडा, चौक, माजघर, गोदावरीचं पाणी, सगळं यथासांग. मुलगा बँकेत आहे म्हटल्यावर सासरे खूश झाले. राहायला कुठे? तर सिडकोत. “अस्सं,” सासरे म्हणाले, “म्हणजे नाशकात नाही तर!” जेमतेम पाच-सहा किलोमीटरांचा प्रश्न होता, पण त्यांनी तो शब्द असा उच्चारला, की जावई समुद्र ओलांडून आलाय असंच कोणालाही वाटावं.

तरी जुन्या नाशिककरांना माझी एक नम्र विनंती आहे. तुमचं गाव गेली दीडशे वर्षं गावाबाहेरच वाढतंय. ब्रिटिशांची छावणी आली, ती देवळालीला. रेल्वे आली, तिच्यासाठी नाशिकरोड नावाचं वेगळं गावच उभं राहिलं. तिकिटं छापायचा कारखाना १९२५ च्या सुमाराला आणि नोटांचा १९२८ साली, दोन्ही नाशिकरोडलाच. लढाऊ विमानांचा कारखाना १९६४ साली निघाला तो ओझरला. राज्याचं औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झालं आणि त्याच्या मागोमाग यंत्रं आली ती सातपूरला, मग अंबडला. नाशकात आलं काय, तर दर बारा वर्षांनी कुंभमेळा. तोही चार दिवस राहून परत जाणारा. आता सातपूर-अंबडच्या यंत्रांना माणसं लागणार, माणसांना घरं लागणार, आणि वाड्यांत तर एका खोलीत दोन बिऱ्हाडं. तेव्हा उंटवाडी, मोरवाडी, कामटवाडे, अंबड या गावांची जमीन घेतली गेली आणि एकामागून एक सहा योजनांत मिळून वीस-पंचवीस हजार घरं उभी राहिली. पहिली योजना, दुसरी योजना... दिल्लीच्या पंचवार्षिक योजनांचं काय झालं ते अर्थतज्ज्ञांना ठाऊक; आमच्या योजनांत निदान माणसं राहतात.

एवढं लिहून मी म्हटलं, आता जुन्याजाणत्यांना भेटावं. पहिल्या योजनेतल्या एका निवृत्त गृहस्थांकडे गेलो. त्यांनी चहा मागवला, चष्मा पुसला आणि म्हणाले, “अहो, आम्ही आलो तेव्हा इथं काही नव्हतं!” मी लिहून घेतलं. तिसऱ्या योजनेत गेलो. तिथले म्हणाले, “आम्ही आलो तेव्हा काही नव्हतं.” पहिल्या योजनेतल्यांना येऊन काही वर्षं झाली होती, दुकानं होती, पिठाची गिरणी होती, पण यांच्या लेखी काही नव्हतं. सहाव्या योजनेतल्या काकू तर म्हणाल्या, “आम्ही आलो तेव्हा बाई, कावळासुद्धा नव्हता.” सिडकोचा इतिहास प्रत्येकाच्या वाटपपत्राच्या तारखेला सुरू होतो, हा माझा पहिला शोध.

शेवटी घरीच आलो. अप्पा, म्हणजे माझे वडील, सातपूरच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे एक फाईल आहे. तीत सोडतीचं पत्र, वाटपपत्र, ताबापावती, हप्त्यांच्या पावत्या असं सगळं तारीखवार लावलेलं. आमच्या शाखेतल्या फायली अशा असत्या तर ऑडिटर रडला असता.

“अप्पा, आपण आलो तेव्हा इथं काय होतं?”

“काही नव्हतं,” अप्पा म्हणाले.

आम्ही आलो ते १९८६ साली. मी पहिलीत होतो. एक खोली, एक स्वयंपाकघर, मोरी-संडास आणि पुढेमागे हातभर मोकळी जागा. हप्त्याहप्त्यानं आपलं होणारं. म्हणजे घर आपलं; जमीन महामंडळाची, भाडेपट्ट्यानं. घर विकायचं झालं तर त्यांचा ना हरकत दाखला लागणार, असं करारातच होतं. पण त्या दिवशी विकायचं कोणाच्या मनात होतं? आईनं पहिल्या दिवशी नळ सोडला आणि पाणी येतंय हे पाहून तो तसाच थोडा वेळ चालू ठेवला. जुन्या नाशकातल्या वाड्यात सात बिऱ्हाडांत एक नळ होता. एरवी पाण्याचा थेंब वाया गेला तर ती आम्हाला बोलायची, म्हणून हे माझ्या लक्षात राहिलं.

घरं सगळी सारखी. एका मापाची, एका रंगाची, एका दाराची. अप्पा एकदा दुसऱ्या पाळीहून रात्री बाराला आले. गल्लीत वीज गेलेली. त्यांनी सवयीनं कडी वाजवली, दार उघडताच डबा आत दिला आणि पायपुसण्यावर पाय पुसत म्हणाले, “पोरं झोपली का?” आतून एका अनोळखी बाईंचा आवाज आला, “झोपली. पण तुम्ही कोण?” दुसऱ्या दिवशी अप्पांनी ओळखीसाठी फाटक हिरवं रंगवलं. रविवारपर्यंत निम्म्या गल्लीची फाटकं हिरवी झाली. रंग कारखान्यातलाच होता, हे इथं न लिहिलेलं बरं.

ज्यांच्या दारात डबा गेला ते जळगावकडचे निघाले. आणि तेच काय, सगळी गल्लीच बाहेरची होती. धुळे, जळगाव, मालेगाव, सिन्नर, नगर, एक कुटुंब थेट वऱ्हाडातलं. सातपूरच्या भोंग्यानं सगळ्यांना एका वेळेला उठवलं आणि सिडकोच्या सोडतीनं एका भिंतीला टेकवलं. कळण्याची भाकरी मी पहिल्यांदा त्या काकूंकडे खाल्ली. श्रावणात त्यांच्याकडे कानबाई बसायची. रात्रभर गाणी, तीही अहिराणीत. आईला त्यातलं अक्षर कळत नसे. पण तिसऱ्या वर्षी ती टाळ्या वाजवू लागली, आणि पाचव्या वर्षी म्हणू लागली. अर्थ तिला अजूनही माहीत नाही. आज सिडकोत कानबाई मिरवणुकीनं निघते आणि तो इथलाच सण वाटतो. जुन्या नाशकात रहाडींची रंगपंचमी आहे. आमच्याकडे हे आहे. फिट्टंफाट!

पुढचा इतिहास वाढीव बांधकामाचा आहे. आधी मागच्या जागेवर पत्रा आला. मग पत्र्याखाली भिंत आली. मग पुढे ओटा, ओट्यावर जिना, जिन्यावर खोली, खोलीला गॅलरी आणि गॅलरीला रस्त्यावर डोकावायची हौस. आज आमच्या गल्लीत समोरासमोरच्या गॅलऱ्यांतून चटणीची वाटी परस्पर देता येते. सारखी घरं कुठे गेली, कळलंसुद्धा नाही. मूळ घर कुठलं हे आता फक्त मोरीवरून ओळखायचं. पुराणवस्तू संशोधक खापरावरून संस्कृती ओळखतात तसं. या बांधकामांना परवानगी होती का, असा प्रश्न चाणाक्ष वाचक विचारतील. मी बँकेत नोकरीला आहे. मी कुठल्याच कागदावर पूर्ण माहितीशिवाय सही करत नाही.

दरम्यान नाशिक फुगत होतं. १८६४ च्या नगरपालिकेच्या जागी ७ नोव्हेंबर १९८२ रोजी महानगरपालिका झाली. १९९१ च्या जनगणनेत साडेसहा लाख माणसं, २००१ साली पावणेअकरा लाख, २०११ साली जवळजवळ पंधरा लाख. ठेवी अशा वाढल्या तर मॅनेजरला बढती मिळते. सिडकोच्या योजना टप्प्याटप्प्यानं महापालिकेकडे गेल्या. शहराची बस पूर्वी एसटीची असे. २०२१ साली महापालिकेची सिटीलिंक आली. त्रिमूर्ती चौकात उभं राहिलं तर आता रस्ता ओलांडायला हिरवा दिवा पुरत नाही, पुण्य लागतं. २०२३ च्या नोव्हेंबरात तर सावतानगरात चक्क बिबट्या आला. बघ्यांची ही गर्दी! वनखात्यानं त्याला बेशुद्ध करून नेला. मला मात्र त्याचा चेहरा फार ओळखीचा वाटला. बऱ्याच वर्षांनी जुन्या पत्त्यावर येऊन घर नंबर शोधणाऱ्या पाहुण्याचा असतो तसा.

तर सांगत होतो, “काही नव्हतं” याबद्दल. लेखात ते वाक्य मी मोठ्या थाटात पहिलं घातलं होतं. आणि लिहिता लिहिता मला दूधवाले बाबा आठवले.

बाबा मोरवाडीकडून यायचे. सायकलला दोन कॅन, डोक्याला टोपी, पायात टायरची चप्पल. दूध घालून झालं की ते लगेच जात नसत. ओट्याच्या कडेला उभे राहून मोरीच्या बाजूला बघत राहायचे. अप्पांना हे जरा चमत्कारिक वाटायचं. एकदा पाहुण्यांसमोर अप्पांनी आपलं नेहमीचं वाक्य टाकलं, “आम्ही आलो तेव्हा इथं काही नव्हतं बघा.” बाबा माप धुवत होते. मान वर न करता म्हणाले,

“काही नव्हतं कसं भाऊसाहेब? बाजरी व्हती ना.”

अप्पा गप्प झाले.

“तुमची मोरी हाये तिथून बांध जायचा. पल्याड चुलत्याचं, अल्याड आमचं.”

आवाजात तक्रार नव्हती. आपण एखाद्याला पोस्ट कुठे आहे ते सांगतो, तसं त्यांनी सांगितलं आणि सायकल काढली. मी सात-आठ वर्षांचा असेन. त्यानंतर कित्येक दिवस मी अंघोळ करताना बांध कुठून जात असेल त्याचा विचार करायचो आणि शाळेला उशीर व्हायचा.

लेख तिथंच अडला. म्हटलं, थोडं मागे जाऊ. मागे जायचं तर आमच्याकडे जागा हाताशी आहे. सिडकोतून रिक्षानं दहा मिनिटांवर पांडवलेणी! शाळेच्या सहलीला दरवर्षी तिथं जात असू. पण तेव्हा लक्ष सगळं चिवड्याच्या डब्याकडे. या खेपेला हिला घेऊन गेलो, हातात लेण्यांचं पुस्तक. दगडावरचा लेख मला कुठला वाचता येणार? मला खातेदाराची सही वाचता येत नाही. पण पुस्तकात अर्थ दिला होता. दहाव्या लेण्यात नहपान राजाच्या जावयाचा, उषवदाताचा लेख आहे. साधारण १९०० वर्षांपूर्वीचा. मी वाचायला लागलो आणि लेण्याच्या पायरीवर मटकन बसलोच. वाचकहो, ती मुदत ठेव होती!

उषवदातानं ३००० कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले. २००० एका श्रेणीत, दरमहा शेकडा एक व्याजानं. १००० दुसरीकडे, शेकडा पाऊण व्याजानं. मुद्दल कधी परत करायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. दोन हजारांच्या व्याजातून पावसाळ्यात लेण्यात राहणाऱ्या २० भिक्षूंना कपड्यासाठी प्रत्येकी १२ कार्षापण. मी तिथल्या तिथं हिशेब केला. दोन हजारांवर दरमहा २०, म्हणजे वर्षाचे २४०. आणि वीस भिक्षूंचे बारा-बारा किती? २४०! पै न पै जुळली. एकोणीसशे वर्षांपूर्वीची कॅश जुळलेली पाहून माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

“घरचा हिशेब कधी असा जुळवलात का?” ही म्हणाली.

बारा टक्के! आजच्या दरांपुढे तो विणकर देवच म्हणायचा. शिवाय हे सगळं नगरसभेत जाहीर करून रीतसर नोंदवलं असंही लिहिलंय. फक्त नॉमिनीचं नाव नव्हतं.

मी पुढे वाचत गेलो आणि एका ओळीवर थांबलो. भिक्षूंच्या जेवणासाठी उषवदातानं एक शेत विकत घेऊन दिलं होतं. किंमत ४००० कार्षापण. शेत नगराच्या शिवेवर, वायव्य दिशेला. आणि घेतलं कोणाकडून? वाराहीचा मुलगा अश्विभूती नावाच्या ब्राह्मणाकडून. शेत त्याच्या वडिलांचं होतं. हे सगळं दगडात कोरलेलं आहे. राजाचा जावई दान देतो, पुण्य स्वतःच्या नावावर जमा करतो, पण शेत कोणाचं, आईचं नाव काय, बापाचं होतं का, हे लिहायला विसरत नाही.

शेजारी तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीची आज्ञा आहे, राजमातेसह काढलेली. आम्ही भिक्षूंना काखडी गावी दिलेलं शेत कोणी कसत नाही, गावही वसलेलं नाही. सबब नगराच्या शिवेवरच्या आमच्या राजकीय जमिनीपैकी शंभर निवर्तनं द्यावीत. म्हणजे पर्यायी भूखंड! सरकारनं दिलेली जागा निरुपयोगी निघणं आणि मग बदलीचा अर्ज करणं, ही पद्धत आपल्याकडे सातवाहनांपासून आहे. भिक्षूंना किती खेटे घालावे लागले ते मात्र लेखात नाही. त्या शेतात सरकारी माणसांनी शिरू नये, मिठासाठी खणू नये, अशाही सवलती दिल्यात. हे वाचून हिनं मला आमच्या घरपट्टीची आठवण केली.

घरी येऊन मी अप्पांची फाईल काढली. पान न पान पाहिलं. महामंडळाचं नाव होतं, अप्पांचं होतं, आजोबांचं होतं, सदनिकेचा क्रमांक, क्षेत्रफळ, दंडाचा दर, सगळं होतं. बाजरी नव्हती.

“अप्पा, दूधवाल्या बाबांचं नाव काय हो?”

अप्पांनी बराच वेळ आढ्याकडे पाहिलं. “बाबाच म्हणायचो आपण.”

आईला विचारलं. तिनं जुनी कॅलेंडरं माळ्यावर जपून ठेवलीत. दर तारखेच्या चौकोनात दुधाचा खाडा आणि महिन्याच्या शेवटी ‘बाबा, दिले.’ अशी कित्येक वर्षं. त्यांच्या गुडघ्याचं दुखणं आईला माहीत होतं, मुलीचं सासर माहीत होतं, म्हैस कधी व्यायली ते माहीत होतं. नाव नव्हतं माहीत.

बाबा जाऊन पुष्कळ वर्षं झाली. त्यांचा नातू आज बांधकाम व्यवसायात आहे. आजोबांच्या शेतावर सरकारनं घरं बांधली, उरल्यासुरल्या तुकड्यावर नातवानं. आमच्या शाखेचा तो मोठा खातेदार. तो आला की मॅनेजर उभे राहतात, मॅनेजर उभे राहिले की मी उभा राहतो. दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा मी त्याचं पासबुक भरता भरता हळूच विचारलं, “साहेब, आजोबांचं पूर्ण नाव काय?”

तो दचकला. “का? केवायसीला लागतं का?”

“नाही. आम्हाला दूध घालायचे ते.”

त्यानं मोबाईल खिशात ठेवला. खुर्ची ओढून बसला. मागे रांग होती, टोकन नंबर पुकारून यंत्र थकलं होतं. पण त्या दिवशी मी रांगेकडे पाहिलं नाही. त्यानं नाव सांगितलं. गट नंबर सांगितला. आंबा कुठे होता ते सांगितलं. मोबदल्याचे कागद घेऊन आजोबा किती वर्षं हिंडले तेही सांगितलं. उठताना म्हणाला, “लिहिणार असाल तर बाजरीत तूरही लिहा. आजी सांगायची, ती तूर लय गोड.”

खातेदारांची माहिती बाहेर सांगायला आम्हाला मनाई आहे, त्यामुळे ते नाव मी इथं देत नाही. ज्यांना हवं असेल त्यांनी आमची स्मरणिका पाहावी. पान अकरा, मंगल कार्यालयाच्या जाहिरातीखाली. जाहिरात वाढलीच. इतिहासाचं दीड पान झालं, आणि अध्यक्षांनी उषवदाताला कात्री लावली. ‘तो काय आपल्या वॉर्डातला नव्हता’ म्हणाले. पण नाव राहिलं, आईच्या नावासकट. पहिलं वाक्यही मी बदललं.

छापील प्रत अप्पांना दिली. भिंग घेऊन त्यांनी अक्षर न अक्षर वाचलं. अकराव्या पानावर बराच वेळ थांबले. मग भिंग खाली ठेवून म्हणाले,

“अर्धा लिटर लिहिलंयस. आपण एक लिटर घेत होतो.”